काटेवैद्य ठोकाजी आणि नऊ नंबरची फळी

एका जंगलात, मुलांनो, जुगाराला सक्त बंदी होती. म्हणून तिथं जुगाराचा एकच अड्डा होता. बाकीच्यांना परवानगी मिळाली नाही.

हसू नका. कायदा म्हणजे कायदा. जो जुगार खेळेल त्याची शेपटी छाटली जाईल, असं सिंह महाराजांनी वडाच्या बुंध्यावर कोरून ठेवलं होतं. बेडकांना शेपटी नसते. त्यामुळं बेडूक पहिल्यापासून या कायद्याच्या बाजूनं होते.

आता हे कोरलं कुणी? महाराजांनी थोडंच कोरलं! कोरलं ठोकाजीनं. ठोकाजी म्हणजे त्या जंगलातला सुतारपक्षी. डोक्यावर लाल तुरा, पाठ पिवळीधमक, आणि चोच अशी की जुन्या सागातसुद्धा आत जायची. त्याच्या बायकोचं नाव सोनपाठी. ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर, वीस हात वर, त्यांची ढोली होती. लग्नाच्या वर्षी ठोकाजीनं ती स्वतः कोरली होती. दार इतकं गोल, की बघणाऱ्याला वाटावं परकार लावलाय. आणि वेळ किती लागला? बारा दिवस.

बारा. हा आकडा लक्षात ठेवा. ठोकाजी पुढं तो विसरला, म्हणून तुम्हाला सांगतोय.

तर खेळाची गोष्ट. हा खेळ आधी पोरांचा होता. एका उन्हाळ्यात सगळ्यांची पिल्लं फार उच्छाद मांडायला लागली. ठोकाजीला दया आली. त्यानं एक फळी तिरपी टेकवली, तिच्यात बाभळीचे काटे ठोकले, मध्ये चार भोकं पाडली. वरून रिठ्याची बी सोडायची. ती काट्यांवर आपटत, टुणटुण उडत खाली यायची. भोकात पडली तर एक बोर. पिल्लं दिवसभर गप्प. आयांनी ठोकाजीला तोंडभरून आशीर्वाद दिले.

मग शिकारी आले. दोन वर्षं जंगलात नुसते बंदुकांचे बार. फळीवर धूळ बसली. खेळायला कुणाला सुचणार? शिकारी गेले तेव्हा मागं दोन गोष्टी उरल्या. जनावरं पूर्वीपेक्षा कमी, आणि जमिनीवर जिथं तिथं लोखंडी छर्रे. गोल, गुळगुळीत, चकचकीत. ज्यांच्या घरचं कुणी गेलं होतं ते छर्रे दिसले की वाट बदलून जायचे.

तेवढ्यात एक करकोचा आला. तो जपानकडून वाट चुकून आला होता. स्वतः वाट चुकलेला असल्यामुळं तो सगळ्यांना मार्ग दाखवायचा. त्यानं ती धुळकट फळी पाहिली आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर आला.

"अरे, हे तर आमच्याकडचं पाचिंको!"

शेजारी एक साळिंदर मुळं उकरत होतं. त्याला सगळे काटेशेठ म्हणायचे. त्यानं कान टवकारले.

"काय असतं ते?"

"आमच्याकडंही आधी पोरांचंच खेळणं होतं," करकोचा म्हणाला. "फळी आडवी असायची. मग जागा वाचावी म्हणून ती उभी केली. मध्ये मोठं युद्ध झालं, खेळ बंद पडला. युद्ध संपलं आणि तो असा परतला, की गल्लोगल्ली दुकानं. समोर काच, आत पितळी खिळे. लोखंडी गोळी वर उडवायची, आणि ती खिळ्यांतून खाली पडताना बघत बसायची."

"आणि मग?"

"मग दुसरी उडवायची."

"आणि माणसं हे करतात?"

"दिवसभर. एकमेकांशी न बोलता."

काटेशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खं आयुष्य मुळं उकरण्यात गेलं, आणि जगात पोट भरायचा इतका सोपा रस्ता होता!

त्यानं अस्वलाची एक रिकामी गुहा घेतली. आत वीस फळ्या उभ्या केल्या. पितळी खिळ्यांच्या जागी स्वतःच्या पाठीचे काटे. भांडवल अंगावरच होतं म्हणा ना! काच मिळेना, तर कोळ्यांनी फळीपुढं बारीक जाळं विणून दिलं. दिसतंय सगळं, पण बोट घालता येत नाही. खाली उजवीकडं बांबूची एक कांब. ती ओढून सोडली की छर्रा सण्णकन वर जायचा, आणि काट्यांवर आपटत खाली यायचा. बहुतेक छर्रे तळाच्या भोकात गडप. एखादा मधल्या, फुलासारख्या कोरलेल्या भोकात शिरला, की वरून पंधरा छर्रे खळ्ळकन थाळीत. गुहेत काजवे लावले होते, रातकिडे बसवले होते. बाहेर सकाळ आहे की दुपार, आत कळायचं नाही. भूक लागली तरी ती दुसऱ्या कुणाला लागली असावी असं वाटायचं.

दारावर पाटी होती, 'बालक्रीडा मंदिर'. खाली बारीक अक्षरात, 'मुलांना प्रवेश नाही'.

तुम्ही विचाराल, आणि कायदा? शेपटी? विचारा की. कोतवालानंही विचारलं. कोतवाल म्हणजे तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी. जंगलाचा पोलीस तोच.

"शेठ, इथं जिंकणाऱ्याला चारोळी मिळते म्हणे?"

"राम राम राम! कुणी सांगितलं? इथं शंख मिळतो, साहेब. गोगलगाईचा. रिकामा."

"रिकाम्या शंखाचं लोक करतात काय?"

"तेच मला कळत नाही. हौसेला मोल नसतं."

"आणि ते मागच्या वारुळात कोण बसलंय? शंख घेऊन चारोळी देतंय ते?"

"मागं वारूळ आहे?" काटेशेठ चकित झाला. "बघा, आपल्याच घरामागं काय आहे, आपल्याला पत्ता नसतो."

कोतवाल वारुळाकडं गेला. तिथं एका भोकातून छछुंदराचा फक्त पंजा बाहेर यायचा. छछुंदर म्हणालं, मला शंखांचा शौक आहे. जास्त झाले की मी ते बेडकाला विकतो. बेडूक म्हणाला, मी ते काटेशेठला विकतो, त्याला बक्षिसांना लागतात. बेडकाला शेपटी नव्हती, हे मघाशी सांगितलंच. कोतवालाला तीन ठिकाणी तीन सचोटीचे व्यापारी सापडले. जुगार कुठंच सापडला नाही. जाता जाता त्यानं स्वतः दोन शंख जिंकले, पण ते पुराव्यादाखल.

पण खरी मेख काट्यांत होती, मुलांनो. फुलाच्या तोंडाशी दोन काटे होते. त्यांच्यातली फट केसभर रुंद असली, की छर्रे आत शिरायचे. केसभर अरुंद झाली, की तेच छर्रे काट्यावर आपटून बाजूला पळायचे. गिऱ्हाइकाला केस दिसायचा नाही. ठोकाजीला दिसायचा. म्हणून काटेशेठनं त्याला नोकरीवर ठेवलं. रोज सकाळी गुहा उघडायच्या आधी तो यायचा. एक छर्रा चोचीत धरून फटीला लावून बघायचा. मग चोचीनं काट्याला टक. एवढंच. एका टकेत आज कोण हसणार नि कोण रडणार ते ठरायचं. सगळे त्याला काटेवैद्य म्हणायला लागले. निदान काटेशेठ तरी म्हणायचा. बाकी कुणाला माहीतच नव्हतं.

नोकरीच्या अटी दोन. तोंड बंद ठेवायचं. आणि घरच्या कुणी खेळायचं नाही.

"आज तीन नंबर सैल कर," काटेशेठ सांगायचा. "तो ससा चार दिवस रडतोय. आज त्याला हसू दे. एक ससा हसला की दहा ससे येतात. आणि सात नंबर कस. तिथं कोल्हा बसतो. तो स्वतःला हुशार समजतो, त्याला सोडायचं नाही."

ठोकाजीला यात काही वाईट वाटायचं नाही. तो मनाशी म्हणायचा, मी खोटं कुठं बोलतो? मी तर बोलतच नाही. शिवाय हाताला यश होतं. एवढ्या बारीक कामाचं कौतुक करणारा जंगलात कुणी नव्हता, म्हणून तो स्वतःच करायचा.

सकाळी काम, दुपारी झोप. त्यामुळं सोनपाठी दुपारी कुठं जाते हे त्याला कळलंच नाही. ती गुहेत नुसती बघायला गेली होती. जगात जेवढे बुडाले ना, ते सगळे आधी नुसते बघायलाच गेले होते. पहिल्या दिवशी तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी मूठभर चारोळी देऊन वीस छर्रे घेतले. तिसऱ्या दिवशी तिला नऊ नंबरच्या फळीची माया लागली. मग नियम आले. फळीला तीनदा चोच लावायची. डावा पंख मिटलेला ठेवायचा. सशानं बघितलं तर तो डाव धरायचा नाही.

आणि इकडं सकाळी काटेशेठ म्हणत होता, "नऊ नंबर जरा कस. तिथं एक बाई येते, फार मायेनं खेळते. मायेनं खेळणाऱ्याला जिंकायची गरज नसते."

ठोकाजीनं विचारलं नाही, कोण बाई. टक. फार सुंदर कसली त्यानं ती फळी. काम करताना शीळही घातली.

शिमगा जवळ आला. पळस फुलला. अंड्यांचे दिवस तोंडावर आले, म्हणून ठोकाजीनं ढोलीच्या तळाशी साठवलेली चारोळी बघायला मान आत घातली. तळाशी फक्त तळ होता.

"अगं, चारोळी कुठाय?"

"उंदरांनी नेली असेल."

"वीस हात वर?"

"हल्लीचे उंदीर काही पूर्वीसारखे राहिले नाहीत."

ठोकाजीनं मान बाहेर काढली. मग सोनपाठीनं सगळं सांगितलं. नऊ नंबर म्हणताच ठोकाजीच्या पायाखालची फांदी हलली. पिल्लांच्या तोंडचा घास त्यानं स्वतःच्या चोचीनं, शीळ घालत, काढून घेतला होता. त्या दिवशी त्याला अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या सकाळी काटेशेठची पाठ वळलेली बघून त्यानं नऊ नंबर सैल केली. चांगली दोन केस. दुपारी सोनपाठी परत आली ती सात शंखांची चारोळी घेऊन, नाचतच.

"झालं ना?" ठोकाजी म्हणाला. "गेलं ते आलं. आता कानाला खडा लाव."

"आता थांबू? आत्ता कुठं माझा हात बसलाय!"

"हात नाही गं बसला. काटे सैल होते. मी केले."

"तुम्ही?"

"माझं कामच ते आहे. रोज मीच कसतो, मीच सोडतो. हरलीस ती माझ्यामुळं, जिंकलीस तीही माझ्यामुळं. नशीब नाही की हात नाही. नुसते काटे."

 सोनपाठीनं मान फिरवली.

"समजलं. बायकोचं जरा कुठं चांगलं चाललं, की नवऱ्याला बघवत नाही."

खरं बोलण्याचा ठोकाजीचा हा पहिलाच प्रसंग. त्याचा हात अजून बसला नव्हता.

पुढच्या सकाळी काटेशेठ फळीपाशीच उभा होता.

"काल नऊ नंबर सैल होती, ठोकाजी."

"चोच घसरली, शेठ."

"घसरते. आज घसरू देऊ नकोस. ती बाई आज ढोली लावणार आहे. अर्जुनावरची. मोक्याची जागा आहे म्हणतात."

आता बघा मुलांनो, इथं ठोकाजी काय काय करू शकला असता. तो म्हणू शकला असता, ती बाई माझी बायको आहे. तो उडून घरी जाऊन दारात आडवा पडू शकला असता. नोकरीवर लाथ मारू शकला असता. मधमाशीच्या पोळ्यावर लाथ मारणारे शूर पुष्कळ असतात, नोकरीवर मारणारा विरळा. काटेशेठ बघत होता. ठोकाजीनं छर्रा चोचीत धरला, फट मोजली, आणि केलं टक.

दुपारपर्यंत ढोली गेली.

तेव्हा मात्र ठोकाजीचं माथं भडकलं. ऐन गर्दीच्या वेळी तो गुहेत शिरला, सगळ्यात उंच फळीवर जाऊन बसला आणि ओरडला,

"थांबा! सगळे थांबा! हा खेळ नाही, ही लबाडी आहे! रोज सकाळी मी हे काटे ठोकतो. कोण जिंकणार, कोण हरणार, हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्या हातात काही नाही, कपाळात काही नाही. शेठ सांगतो आणि मी ठोकतो. ही चोच बघा!"

रातकिडे थांबले. काजवे विझले. वीस फळ्यांपुढं वीस जनावरं कांब ओढायची तशीच थांबली.  ठोकाजीला वाटलं, आता हे सगळे उठणार. फळ्या उखडणार. काटेशेठला ओढ्यात बुडवणार.

तीन नंबरवरचा ससा हळूच उठला. 

"म्हणजे... काटे ठरवून सैल करतात?"

"हो!"

"रोज?"

"रोज!"

"मग आज कुठली सैल आहे?"

आणि गुहेत जो गलका झाला! सगळे ठोकाजीभोवती. सर, इकडं. सर, मी आधी विचारलं. सर, आमची सासूबाई अंथरुणाला खिळलीय, एक नंबर सांगा. दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत गुहेबाहेर रांग लागली, ती ओढ्यापर्यंत. जी जनावरं आजवर आली नव्हती तीही आली. म्हणाली, आधी वाटायचं नुसतं नशीब आहे, त्यात काय पडायचं? आता कळलं, यात अभ्यास आहे.

काटेशेठनं ठोकाजीला मिठी मारली. साळिंदराची मिठी कशी असते ते तुम्ही विचारू नका.

"वा! मला वाटलं होतं तू मला बुडवणार. अरे, अशी जाहिरात मला सात जन्मांत सुचली नसती." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "फक्त आता तुला कामावर ठेवता येणार नाही. सगळे ओळखतात ना. आणि तसंही काट्यांचं फारसं काही उरलं नाही. करकोच्यानं नवीन फळ्यांचं सांगितलंय."

"आणि माझी ढोली?"

"शंभर शंख आण आणि घेऊन जा. मी काय वाईट आहे का?"

अशी नोकरी गेली आणि ठोकाजीला प्रतिष्ठा आली. तो रांगेपाशी बसायचा. जनावरं मूठमूठ चारोळी ठेवून विचारायची, सर, आज कुठली? तो जाळ्यातून काट्यांकडं एक डोळा मिटून बघायचा आणि सांगायचा. बरोबर आलं तर सरांचं ज्ञान, चुकलं तर ज्याचं त्याचं कपाळ. दक्षिणेची चारोळी बरीच साठली. सोनपाठी म्हणाली, बरं झालं, अंड्यांच्या दिवसांना होईल. ढोली गेली त्या दिवशी तिचं गुहेत जाणं सुटलं होतं, ते कायमचं. पण ठोकाजीच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. जंगलात काटे वाचता येणारा एकटा मी. मग शंभर शंखांची ती काय कथा?

आणि ठोकाजी नऊ नंबरपुढं बसला.

नव्या फळ्या आता फार शहाण्या होत्या. मधोमध एक झरोका. झरोक्यात तीन पानं गरगर फिरायची. एकेका पानावर आंबा, जांभूळ, सीताफळ अशी चित्रं. छर्रा फुलात गेला की पानं फिरायला लागायची, आणि तिन्हींवर एकच फळ येऊन थांबलं की थाळी भरून वाहायची. ठोकाजीनं काटे असे वाचले, की त्याचा दर तिसरा छर्रा फुलात. सगळे तोंडात बोट घालून बघायचे. पानं फिरायची. आंबा. आंबा. आणि... आंबा येता येता जांभूळ. "अरेरे, थोडक्यात गेलं!" अख्खी गुहा हळहळायची. ठोकाजी पुढचा छर्रा उडवायचा.

दहा दिवस थोडक्यात गेल्यावर त्याला शंका आली. जुना नोकर तो, त्याला मागची वाट माहीत होती. मागं जाऊन बघतो तर फळीच्या पाठीशी एक म्हातारं कासव बसलेलं. पुढ्यात मडकं. मडक्यात तीनशे बिया, दोनशे नव्याण्णव पांढऱ्या आणि एक लाल. पुढं छर्रा फुलात पडला की कासव डोळे मिटून एक बी काढायचं. लाल निघाली तर दोरी ओढून तिन्ही आंबे लावायचं. पांढरी निघाली तर कसंही लावायचं, पण शेठची ताकीद होती, मधूनमधून थोडक्यात चुकव. पुष्कळ चुकलं तर गिऱ्हाईक घरी जातं.

"कासवबुवा, आज किती बिया काढल्या?" ठोकाजीनं विचारलं.

"दोनशे ऐंशी."

"लाल?"

"नाही आली."

"म्हणजे राहिल्या वीस! आता विसांतच लाल!"

"नाही रे बाबा." कासव फार प्रामाणिक होतं. "काढलेली बी मी परत मडक्यात टाकतो. दर खेपेला तीनशेच असतात. तू किती वेळ बसलास, काटे कसे वाचलेस, बीला काही कळत नाही. जा घरी."

ठोकाजीनं मान हलवली. त्याला सगळं समजलं. काट्यांचं काम फक्त छर्रा आत जाईपर्यंत. पुढं त्याची विद्या शून्य. हे त्याच्याइतकं नीट अख्ख्या जंगलात कुणाला समजलं नसेल. मग तो कासवाच्या कानाशी गेला आणि हळूच म्हणाला,

"मग लाल साधारण कधी येते?"

ढोली गेल्यापासून नवराबायको अर्जुनाच्याच झाडाच्या बेचक्यात राहत होते. ऊन लागायचं. रोज एक कावळा येऊन ख्यालीखुशाली विचारायचा, आणि विचारताना बेचक्याकडं बघायचा. एका सकाळी ठोकाजी निघाला तशी सोनपाठी आडवी आली.

"अहो, आज नका जाऊ. माझे दिवस भरत आलेत. अंडी काय फांदीवर घालू?"

"शंभर शंख झाले की आपल्या ढोलीत..."

"मरो ती ढोली आणि मरोत ते शंख! तुम्हाला चोच आहे ना? पलीकडच्या काठावर सावरीचं वाळकं खोड आहे, मऊ. बारा दिवसांत नवी ढोली होते."

"बारा दिवस?" ठोकाजी हसला. "एवढा वेळ कुणाजवळ आहे? इकडं लाल बी आज येईल की उद्या, अशी वेळ!"

गुहेत बसायला लागून त्याला एकेचाळीस दिवस झाले होते. म्हणजे जवळजवळ साडेतीन ढोल्या.

"मी चुकले," सोनपाठी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्यामुळं गेली ढोली. तुम्ही तेव्हा खरं सांगत होता. आता मी सांगते, ऐका. उठा तिथून."

ठोकाजीनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्याचा आवाज चढला.

"नवऱ्याचं जरा कुठं चांगलं चाललं, की बायकोला बघवत नाही!"

सोनपाठीनं ते वाक्य ओळखलं. तिचंच होतं.  तिनं डोळे पुसले आणि ओढा ओलांडून सावरीच्या खोडावर जाऊन बसली. सुतारणीलाही चोच असते, मुलांनो. पण काटेवैद्य कधी तिला कुणी म्हटलं नाही, म्हणून तिची चोच अजून शाबूत होती.

आणि त्याच दुपारी, तुम्हाला खोटं वाटेल, लाल बी आली! आंबा, आंबा, आंबा! काजवे लखलखले, रातकिड्यांनी कान किटवले, छर्रे थाळीतून वाहून जमिनीवर गेले. ससा रडला. कोल्ह्यानं पाय धरले. हिशेब झाला तेव्हा बरोबर शंभर शंख. ठोकाजी ते पोत्यात भरून ढोली सोडवायला पळतच मागं गेला.

मागं वारूळ नव्हतं. धंदा वाढला होता, वारूळ अपुरं पडत होतं. तिथं पाटी होती, 'शंखांच्या शौकिनांसाठी, नवी जागा', आणि ओढ्याकडं बाण. ठोकाजी बाणामागं गेला. अर्जुनाच्या खोडाला बांबूची शिडी लावली होती, आणि शिडीवर रांग. वर परकार लावल्यासारखं गोल दार. दारातून छछुंदराचा पंजा बाहेर आलेला. सकाळी तो याच झाडावरून उडाला होता. शिडी कधी लागली, त्याला कळलं नव्हतं. त्याचं लक्ष बियांत होतं.

रांगेत उभा राहून त्याचा नंबर आला.

"ही माझी ढोली आहे," तो म्हणाला. "शंभर शंख आणलेत. मोजून घ्या."

"शंखाची चारोळी मिळते," आतून आवाज आला.

"चारोळी नको. ढोली हवी."

"ढोली दिली तर चारोळी कुठून देऊ? पुढचा!"

"सर, आटपा ना," मागून ससा म्हणाला.

पंजानं शंख आत ओढले आणि चारोळीची टोपली बाहेर ढकलली. ठोकाजी टोपली घेऊन शिडीखाली उभा राहिला. दाराचा तो गोल किती सुरेख होता! त्याला भरून आलं. कोणी कोरला असेल, असं क्षणभर त्याच्या मनात आलंसुद्धा.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून आवाज आला. टक. टक. टक. सावकाश, एका लयीत. ठोकाजीनं मान तिरकी केली. हा आवाज कुठंतरी ऐकलाय. फार ओळखीचा.  आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काटे!" तो सशाच्या कानात म्हणाला. "ऐकलंस? कुणीतरी काटे सैल करतंय!"

आणि टोपली छातीशी धरून ठोकाजी गुहेकडं पळाला. मागं ससा, सशामागं कोल्हा, कोल्ह्यामागं अख्खी रांग.

पलीकडची टकटक रोज चालू होती. बाराव्या दिवशी ती थांबली. त्या दिवशी ठोकाजी म्हणाला, आज फळ्या कसल्यात बरं का, जपून खेळा.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. ठोकाजीसारखं बोलावं, कासवासारखं बोलावं, भर गर्दीत उंचावर बसून बोलावं. खरं बोलल्यानं धंदा कधीही बसत नाही.